बाबा कोणासाठी रडले?

रविवार, रात्री

घरचा नोकर अली आणि त्याचा मुलगा हसन घर सोडून निघतात त्या दिवशी काबूलमध्ये पाऊस असतो, भर उन्हाळ्यात, आणि अमीर आयुष्यात पहिल्यांदा आपल्या वडिलांना, बाबांना, रडताना बघतो. खालिद हुसैनीच्या 'द काइट रनर' या कादंबरीतलं हे पान मी आजवर एकाच तऱ्हेनं वाचत आले. पहिल्या वाचनात उमगत नाही की एवढा धिप्पाड, कोणापुढे न वाकणारा माणूस घरचा नोकर निघाला म्हणून का रडतो. पुढे पेशावरला बाबांचा मित्र रहीमखान सगळं सांगतो, आणि मग मागे जाऊन ते पान वाचलं की कळतं, बाप पोटच्या पोराला निरोप देत होता. हसन बाबांचाच मुलगा. माझ्यापुरता त्या रडण्याचा अर्थ तिथे लागला होता आणि तो कायमचा लागला होता.

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, आज तो विस्कटला. झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले.

मराठी अनुवाद मीच आणून दिला होता. आप्पांचं कार्ड अजून पुणे नगर वाचन मंदिराचं. संस्था १८४८ सालची आहे हे ते आजही नव्या माणसाला सांगतात. हातात घेतलेलं पुस्तक आप्पा कधी अर्धं सोडत नाहीत. कंटाळवाणं असलं तरी चिडचिड करत शेवटपर्यंत नेतात आणि मग त्यावर बोलतात. हे मात्र त्या पानाशी मिटलं आणि बाजूला ठेवलं. मला वाटलं, डोळे दुखत असतील. "पुढचं मी वाचून दाखवू का?" विचारलं. म्हणाले, "चाळीस वर्षं एका अंगणात काढलेला माणूस असा दारातून गेला. त्यापुढे काय वाचायचं?" आणि गॅलरीत जाऊन बसले. रात्री जेवणही धड झालं नाही. आमटीभात नुसता चिवडला.

चाळीस वर्षं. म्हणजे आप्पांच्या मनात हसन नाहीच, अली आहे. रहीमखानाचं गुपित त्यांना ठाऊक नाही, ते अजून तिथवर पोचलेलेच नाहीत. आणि बाबांचं रडणं समजायला त्यांना त्या गुपिताची गरजही पडली नाही.

ते झोपल्यावर मी माझी जुनी प्रत काढली आणि फक्त अलीची पानं शोधून वाचली. कादंबरीत तो कडेकडेनं वावरतो. पोलिओनं एक पाय वाळलेला, चेहऱ्याचा खालचा भाग जन्मापासून लुळा, त्यामुळे हसू फक्त डोळ्यांत दिसणार. रस्त्यावरची पोरं त्याच्या चालण्याची नक्कल करत मागे धावतात, आणि तो काही बोलत नाही. त्याची गोष्ट १९३३ साली सुरू होते. त्याच वर्षी बाबांचा जन्म झाला आणि जहीर शाह गादीवर आला. पगमानच्या रस्त्यावर नशेतल्या दोन श्रीमंत भावांनी गाडीखाली एका हजारा, म्हणजे तिथं हलक्या समजल्या जाणाऱ्या जमातीतल्या, नवराबायकोला चिरडलं. त्यांचं पाच वर्षांचं पोर म्हणजे अली. खटला बाबांच्या वडिलांपुढे आला. न्यायाधीश होते ते. त्या दोघा भावांना वर्षभर सैन्यात कंदाहारला धाडलं, आणि पोराला स्वतःच्या घरी आणलं. एकाच घरात दोघं मोठे झाले, एक मालकाचा मुलगा आणि एक नोकर. बाबा लहानपणच्या खोड्या रंगवून सांगायचे, त्यात अली असायचाच. पण एकाही गोष्टीत त्यांनी अलीला आपला मित्र म्हटलं नाही. अमीर हे सांगतो आणि लगेच कबूल करतो की हसनच्या बाबतीत आपणही तेच केलं.

हे वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. पोराला स्वतःच्या घरी आणलं. आमच्या आजोबांनीही आणलं होतं. पानशेतचा पूर, जुलै १९६१. नारायण पेठेतल्या काकांचं घर पाण्यात गेलं तेव्हा ते सगळं कुटुंब आमच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्यात आलं. काका आणि आप्पा एकाच वयाचे. पुढे ते परत नारायण पेठेत गेले तरी काकांची थाळी आमच्याकडे होतीच. दर संक्रांतीला वाड्याच्या गच्चीवर दोघांचा एकच पतंग. फिरकी काकांच्या हातात, पतंग आप्पांच्या. गेल्या आठवड्यात काबूलच्या पतंगांची पानं वाचली तेव्हा आप्पा किती खुलले होते! काचेची पूड कशी वस्त्रगाळ करायची, खळीत कशी कालवायची, दोन खांबांमध्ये दोरा ताणून मांजा कसा लावायचा, सगळं त्यांनी माझ्या लेकीला सांगितलं. तर्जनीवरची बारीक पांढरी रेघ तिला दाखवली. तिनं विचारलं, "आबा, तुमची फिरकी कोण धरायचं?" तर म्हणाले, "होता एक जण."

होता एक जण. त्यापुढे नाही.

आईला सगळं माहीत होतं. एकदा चकल्या पाडताना बोलता बोलता ती थांबली होती, आणि मी तेव्हा... जाऊ दे.

मला आज वाईट वाटतंय ते वेगळंच. बाबा अमीरला सांगत नाहीत, आणि आप्पा मला सांगत नाहीत. त्यांच्याशी माझं बोलणं म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्या, गॅसचा नंबर, बँकेत हयातीचा दाखला कधी द्यायचा. दादा अमेरिकेतून फोन करतो तेव्हा अर्धा तास राजकारण होतं. माझ्या वाट्याला "पुरे", "झालं", "बघू". इतकी वर्षं एका घरात राहून माझ्या वडिलांच्या मनातलं सगळ्यात मोठं दुःख मला एका अफगाण लेखकाच्या पुस्तकातून, तेही अंदाजानं कळावं? रडू आलं. मोठ्यानं रडताही येत नाही, भिंतीपलीकडे ते झोपलेत.

लेक मध्यंतरी पाणी प्यायला उठली, मला प्रत उघडून बसलेली पाहिलं आणि बसलीच. तिनं मूळ इंग्रजी वाचलंय. तिचं म्हणणं, कादंबरी अमीरच्या प्रायश्चित्ताची आहे आणि ते त्याला मिळतं. १९७५च्या हिवाळ्यात गल्लीत आसिफनं हसनवर अत्याचार केला तेव्हा तो बघत राहिला आणि पळाला. सव्वीस वर्षांनी तालिबानच्या काबूलमध्ये तो पळत नाही. हसनच्या मुलासाठी, सोहराबसाठी, आसिफच्या हातचा मार खातो. मार खाताना हसू येतं त्याला, सुटल्यासारखं वाटतं. वरचा ओठ मधोमध फाटतो, जन्मतः हसनचा होता तसा. "आई, लेखकानं हिशेब इतका नीट जुळवलाय," ती म्हणाली, "तू बाबांचं काय घेऊन बसलीस?"

तिला उत्तर दिलं नाही, कारण तिच्या वयाला हिशेब जुळायलाच हवेत. पण माझं मन मानत नाही. माफी मागायची ती हसनकडे, आणि हसन नाही. त्याला आणि त्याच्या बायकोला, फरजानाला, तालिबाननं कधीच गोळ्या घातल्यात. अमीरला मिळतो तो त्याचा मुलगा, आणि त्या मुलालाही अमीर इस्लामाबादेत दिलेला शब्द फिरवण्याच्या बेतात येतो. अनाथाश्रमात पाठवणार नाही असं सांगितलेलं, आणि तात्पुरतं जावं लागेल असं म्हणतो. त्यानंतर त्या पोरानं काय करून घेतलं ते मी दुसऱ्यांदा वाचू शकले नाही, पानं उलटली. लेखकानं हिशेब जुळू दिला नाही हीच मला या कादंबरीतली सगळ्यात खरी गोष्ट वाटते.

तरीही अमीरला निदान एक वाट मिळते. रहीमखान फोन करतो, वाट आहे म्हणून सांगतो, आणि ती काबूलच्या दिशेनं जाते. बाबांना असा फोन कोणी केला? बाबांनी काय केलं, तर अनाथाश्रम बांधला. गरिबांना खाऊ घातलं, अडल्या मित्रांना पैसे दिले, हसनच्या ओठाच्या ऑपरेशनसाठी दिल्लीचा डॉक्टर आणवला. रहीमखान शेवटच्या पत्रात लिहितो की ही सगळी त्या अपराधाचीच फेड होती, आणि अपराधाच्या जाणिवेतून चांगलं काम होतं तेव्हा तेच खरं प्रायश्चित्त. मला रहीमखान फार आवडतो. पण इथे मला त्याचं पटत नाही, कितीही वेळा वाचलं तरी. बाबांनी उभ्या काबूलला दिलं. अलीचं जे घेतलं होतं त्याबद्दल अलीला मात्र एक अक्षर सांगितलं नाही. आणि याच बाबांनी अमीरला शिकवलेलं असतं की पाप एकच, चोरी. खोटं बोलणं म्हणजे समोरच्याचा सत्यावरचा हक्क चोरणं.

अलीला माहीत असणार. अमीरही तसंच धरून चालतो. अलीला मूल होऊ शकत नव्हतं, तर हसन कोणाचा हे त्याला न कळून कसं चालेल? तरी तो घरातली कामं मुकाट करत राहतो, हसनला आपलाच मुलगा म्हणून वाढवतो. आणि हसनलाही माहीत होतं, अमीर गल्लीच्या तोंडाशी उभा होता हे. गादीखाली घड्याळ आणि पैसे कोणी ठेवले हेही. तरी चोरीचा आळ स्वतःवर घेतो. बाप आणि मुलगा, रक्तानं नव्हे तरी मुलगाच, दोघं सगळं जाणून गप्प राहिले. आणि अली जातो तेव्हा अमीरच्या चोरीच्या बनावाला वैतागून जात नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो बाबांना सांगतो की तुम्ही आता मला मना करू शकत नाही, आम्ही तुमचे नोकर राहिलो नाही. बाबा ओरडतात, मग विनवतात. त्या विनवण्यात दोन्ही आहेत, मुलगा जातोय आणि ज्याच्याकडे माफी मागायची तोही जातोय. मी फक्त मुलगा पाहत आले. आप्पांना दुसरा दिसला.

कर्णाची गोष्ट आठवत राहते. आप्पांचा लाडका विषय तो. कुंतीनं निदान युद्धाआधी नदीकाठी जाऊन कर्णाला सांगितलं, तू माझा. उशिरा, स्वार्थापोटी, पण सांगितलं. धर्मराजाला मात्र कळलं ते सगळं संपल्यावर, मृतांना पाणी देण्याची वेळ आली तेव्हा: ज्याला मारलं तो थोरला भाऊ होता. पेशावरच्या त्या खोलीत अमीरचं नेमकं तेच होतं. तोही आधी चिडतो, तावातावानं बाहेर पडतो. धर्मराजानंही तेव्हा आईला दोष दिला होता आणि यापुढे बायकांच्या पोटात गुपित राहणार नाही असा शाप दिला होता. आप्पा हे सांगताना नेहमी म्हणतात, शाप चुकीच्या माणसाला गेला, गुपित राहिलं नसतं तर युद्धच टळलं असतं. असं म्हणणारा माणूस स्वतः...

पुरे. दीड वाजला.


गुरुवार

रविवारचं वाचलं. त्यातलं माझ्या स्वतःच्या रडण्याचं आज तितकं खरं वाटत नाही. तेव्हा खरं होतं, म्हणून खोडत नाही.

सोमवारी सकाळी आप्पांनीच विषय काढला. म्हात्रे पुलाकडून फिरून आले, मोजे काढता काढता विचारलं, "अलीचं पुढे काही येतं का त्यात?" मी म्हटलं, येतं. "मग वाच," म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी मी वाचते आणि ते ऐकतात. डाळिंबाच्या झाडाखाली अमीर हसनला वाचून दाखवायचा ते आप्पांना फार भावलं होतं. हसनला अक्षरओळख नाही, पण शाहनामा या फारसी महाकाव्यातलं रुस्तम-सोहराबचं प्रकरण पुन्हा पुन्हा मागायचा. बापाच्या हातून नकळत मुलगा मरतो ती गोष्ट. आणि पुढे स्वतःच्या मुलाचं नाव सोहराबच ठेवतो. ते आप्पांना अजून कळायचंय.

जलालाबादच्या रस्त्यावर रशियन शिपाई ट्रकमधल्या बाईवर हात टाकायला बघतो आणि बाबा उभे राहतात, तिथे आप्पांनी मला परत वाचायला लावलं. देश सोडताना बाबा जमिनीवरची मूठभर माती उचलतात, तिचा मुका घेतात आणि तपकिरीच्या डबीत भरून छातीपाशी ठेवतात, तिथे चष्मा पुसला. आणि फ्रीमाँट! काबूलचा तो बडा असामी कॅलिफोर्नियात पेट्रोल पंपावर राबतो, हाताला तेलाचा वास, नखं काळी. सरकारी मदतीची कुपनं परत करून येतो. शनिवारी पोराला घेऊन जुनाट मोटारीतून लोकांच्या अडगळीचं सामान गोळा करायचं आणि रविवारी सॅन होजेच्या जुन्या बाजारात विकायचं. पोराचं हायस्कूल संपल्याच्या दिवशी बारमधल्या सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं पाजायचं. कॅन्सरनं पोखरलेलं शरीर घेऊन, अमीरनं शब्द टाकल्याबरोबर, सोरयाच्या घरी मागणी घालायला जायचं. आप्पा म्हणाले, "हा बाप मला आवडला. काबूलमधला नव्हता आवडला."

तेव्हा मला एक गोष्ट सुचली आणि ती मनात घर करून बसली आहे. अमीरला लहानपणभर जो बाप हवा होता तो त्याला फ्रीमाँटला मिळाला. सगळा नाही. काबूलमधलं जे होतं ते बाबांनी बरोबर नेलं. पण रविवारच्या बाजारातला चहा, गाडीतल्या गप्पा, आजारपणातली सोबत, हे पूर्ण त्याचं होतं, आणि ते खोटं नव्हतं. आप्पांचं फ्रीमाँट माझ्या वाट्याला आलंय. गोळ्या, गॅसचा नंबर, हयातीचा दाखला, आणि या सकाळी. त्यांचं काबूल त्यांचं आहे. नारायण पेठेत काय झालं ते मी विचारणार नाही असं आज तरी वाटतंय. रविवारी याच गोष्टीनं माझा जीव जात होता.

दादाला फोनवर सांगावंसं वाटलं, पण त्याला काय सांगणार. आणि आईचं ते अर्धं राहिलेलं वाक्य आठवून पूर्ण करायचा प्रयत्नही मी सोडला.

एकच काळजी उरली आहे, आणि ती साधीसुधी नाही. आज आम्ही बाबांच्या मृत्यूपर्यंत आलो, आता रहीमखानाचा फोन. उद्या पेशावर. अलीचं काय झालं ते तिथे रहीमखान सांगतो, बामियानजवळचा भूसुरुंग, दोन ओळींत. आप्पा त्या दोन ओळींसाठी थांबलेत. आणि पाठोपाठ ते दुसरं येणार, हसन कोणाचा होता ते. म्हणजे अलीशी बाबा काय वागले होते ते. ते मला आप्पांसमोर बसून, माझ्या आवाजात, वाचायचंय. लेक म्हणते, तेवढं गाळ, नाहीतर त्यांना सांग की डोळ्यांनी वाचा. मला दोन्ही नको आहे. गाळलं तर मीही बाबांसारखीच वागले असं होईल, आणि डोळ्यांनी वाचायला दिलं तर ते त्या खोलीत एकटे पडतील.

आज संध्याकाळी ते प्रकरण मी स्वयंपाकघरात हळू आवाजात दोनदा वाचून पाहिलं. दुसऱ्यांदा आवाज फाटला नाही. लेकीला क्लासला सोडून आले की दहाला बसायचं ठरलंय, आप्पांच्या खोलीत, कारण गॅलरीत रिक्षांचा आवाज फार येतो. फोन आतल्या खोलीत ठेवणार आहे.